खिडकीची उंची

प्रिय,
(सवयीने लिहिलं. पाठवायचं नाहीच, तर राहू दे.)

तुझ्या कागदी घरांचे आराखडे मी इंटरनेटवर बघत असते. कालचं घर बघताक्षणी ओळखलं. आपण लग्न करून राहणार होतो, ते. तू कॉम्प्युटरवर काढायचास, मी कापून, घड्या घालून चिकटवायचे. आता ते कुणीही छापून घ्यावं.

मीही छापलं. चिकटवून आपल्या जुन्या कागदी घराशेजारी ठेवलं. जिना तोच, गच्ची तीच. फक्त स्वयंपाकघराची खिडकी, जी तू माझ्या डोळ्यांच्या उंचीला ठेवली होतीस, ती चार मिलिमीटर वर गेली आहे. खऱ्या घरात वीस सेंटिमीटर.

"वहिनी चांगली ताडमाड आहे," असं तुझी बहीण म्हणाली होती. नेमकी किती, ते आता कळलं.

तुला वाटेल, मी जळते. छे, मला काय करायचंय. मी फक्त ब्लेड घेतलं, तिची खिडकी बुजवली आणि जुन्या जागी नवी कापली. आता बाहेर बघायचं तर तिला रोज वाकावं लागेल.

तुझी कुणीच नसलेली,
बुटकी