चिंधी बुडाली नव्हती

मी, जीवन लहानू पगारे, वय ५१, धंदा नकाशे काढणे (आता बंद), राहणार उपनगर, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी फुप्फुसं साथ देत नाहीत, डोकं देतं. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की भुलवलेलं नाही. मैत्रीण मनीषा मात्र मसुदा वाचून रागावली. ते का, हे पुढे येईल. ते दडपण समजू नये.

१. माझ्या एकट्याच्या कमाईचा राहता फ्लॅट आणि बँकेत जे असेल ते, माझी भाची रोहिणी हिला. धाकटी बहीण राखी गेली तेव्हा तिची ही मुलगी बारा वर्षांची होती. बापाने दुसरं घर केलं, म्हणून ती माझ्याकडे वाढली. सहा वर्षांपूर्वी ती घर सोडून गेली. हल्ली कोल्हापूरला जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करते.

२. थोरले बंधू सावळीराम, मुक्काम चांदवड, यांना आईवडिलांचा फोटो आणि लोखंडी कपाट. त्याहून जास्त नाही. कारण, प्रत्येक लग्नात, प्रत्येक पुण्यानुमोदनाला ते सांगत आले, "खेळातल्या कुत्र्यापायी घर सोडलं पोरीनं. लय लाडावली होती." हे ऐकताना मी जेवत बसलेलो असायचो आणि जेवत राहायचो. म्हणजे राग त्यांच्यावर काढतोय, पण त्यातला निम्मा माझा आहे.

३. कचेरीत हा कागद वाचणाऱ्याला खेळ समजावा म्हणून लिहितो. दर रविवारी दुपारी माझ्याकडे चौघं जमत असू. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, आणि जिथे काय घडेल हे ठाऊक नसेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. गोष्ट राक्षसांची, किल्ल्यांची, चेटकिणींची. सांगणारा मी. मनीषा, शाळेत गणित शिकवते, ती चोरीण. झुंबर, पंचवटीत भाजीचा गाळा आहे, तो खेचरवाला. रोहिणी पंधराव्या वर्षी बसायला लागली. आई गेल्यापासून ती घरात मोजकंच बोलायची. तिने नदीत नाव चालवणारी बाई निवडली.

"जादू कुठली घेतेस?" मी विचारलं.

"जादू नको. कुत्री पाहिजे."

पुस्तकांतल्या नियमांप्रमाणे सोबतीला जनावर फक्त मंत्र येणाऱ्यांना मिळतं. त्यांचं घुबड त्यांच्या मनातलं ओळखतं, मेलं तर मंत्राने परत येतं. साध्या माणसाला विकतचा घोडा, तोही सामानाच्या यादीत, दोराच्या खाली. मी तिला तसं सांगितलं.

"आपल्या कॉलनीत किती जणांकडे कुत्री आहेत, मामा. एकाला तरी मंत्र येतो का?"

मग मी दोन महिने बसून एक रजिस्टर लिहिलं: जादू न येणाऱ्यांची जनावरं. त्यात जनावराशी नातं चिंचोक्यांनी मोजायचं. खाऊ घातलं, जखम धुतली की काडेपेटीत एक चिंचोका. गरज नसताना संकटात पाठवलं की दोन परत. हुकूम जनावर मानेलच असं नाही. झुंबरच्या खेचराचं नाव साहेब होतं आणि ते कधीच काही मानत नसे. मनीषाच्या मुंगसाने तिची स्वतःचीच थैली पळवली होती. रोहिणीच्या कुत्रीचं नाव चिंधी. चिंधीला काय वाटलं, काय वास आला, हे सांगताना रोहिणी पाच-पाच मिनिटं बोलायची. त्या घरात तोवर मी इतकं बोलणं ऐकलं नव्हतं.

रजिस्टरात दोन नियम लाल शाईने आहेत. मेलेलं जनावर परत येत नाही. आणि म्हणूनच, त्याच्या जीवावरचा फासा सगळ्यांसमोर, उघड्यावर टाकायचा.

हे रजिस्टर, पुस्तकं आणि माझे सगळे नकाशे मनीषाला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

४. रविवार, २४ फेब्रुवारी २०१९. सकाळी चहा पिताना रोहिणीने कोल्हापूरची नोकरी लागल्याचं सांगितलं. पशुधनाचा डिप्लोमा करून ती दोन वर्षं खटपट करत होती. मी "बरं झालं" म्हणालो. दुपारी खेळात नदीला पूर आला. तो मीच आणला. नाव अडकली आणि चिंधी दोर तोंडात धरून पलीकडच्या काठाकडे निघाली. आठ किंवा वर पडले तर ती पोचणार होती.

मी म्हणालो, "पाण्याखाली काय चाललंय ते तुला दिसत नाही. फासा मी टाकतो." पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकला. सतरा पडले.

मी तीन सांगितले.

"मामा, दाखव ना फासा."

"आडोशामागचा फासा दाखवत नसतात."

तिने काडेपेटी उघडून सगळे चिंचोके टेबलावर ठेवले आणि आत गेली. बुधवारी पहाटेच्या गाडीने गेली. नंतर तिने माझा फोन घेतला नाही, आणि खरं सांगायचं तर चौथ्यांदा मी केलाही नाही. मी असं का केलं ते मला नीट ठाऊक आहे. तिला अडवायचं माझ्या हातात काही नव्हतं. चिंधी तेवढी होती.

सबब मी नमूद करतो की चिंधी बुडाली नव्हती, ती काठाला लागली होती. रोहिणी खेळातल्या कुत्रीपायी गेली नाही. तिच्यादेखत मी खोटं बोललो, म्हणून गेली.

५. झुंबर त्या दिवशी माझ्या डाव्या हाताला बसला होता. त्याने फासा पाहिला होता. सहा वर्षं तो दर रविवारी मेथी, वांगी घेऊन येत राहिला आणि अवाक्षर बोलला नाही. त्याचा मला राग येत राहिला. बोलला असता तर जास्त आला असता. साक्षीला बोलावलं तेव्हा मी विचारलं, "का बोलला नाहीस?"

"तुमचं तुम्ही सांगाल म्हणलं, जीवनभाऊ. मग लय दिवस गेले."

तो साक्षीदार असल्याने त्याला काही देत नाही.

६. माझा विधी साधा करावा. त्रिशरण-पंचशील म्हणावं. मी स्वतः सहा वर्षं चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, आवाज खाली घेत आलो आहे. जमलेल्यांनी ते मोठ्याने म्हणावं.

७. मसुदा इथे संपत होता. तो वाचून मनीषा म्हणाली, "हे मेल्यावर वाचायला ठेवतोयस? लाज वाटत नाही? नंबर आहे ना तुझ्याकडे?" गुरुवारी दुपारी तिच्या फोनवरून मी रोहिणीला फोन केला. पलीकडे कुत्री भुंकत होती. मी जे कलम ४ मध्ये आहे ते सांगितलं. दोनदा दम लागला. ती थांबली.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "तीन पडले असते तर तू फासा तसाच ठेवला असतास. तू पटकन उचललास."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. बुधवारपर्यंत थांबले, मामा. बॅग रविवारीच भरली होती."

मी घराचं सांगितलं. ती म्हणाली, "घर नको. मोठ्या मामाला सांग. तू जिवंत असताना सांग. कागद वाचतील तेव्हा तू नसशील, आणि सगळ्यांची तोंडं मला बघावी लागतील."

शुक्रवारी सावळीरामदादांना फोन लावून सांगितलं. ते हसले. "फाशाचंच ना? एवढ्यासाठी फोन केला व्हय? जाऊ दे आता, लोकं विसरली." लोक विसरलेले नाहीत. शनिवारी मी आणखी पाच नातेवाइकांना फोन केले. दोघांना रोहिणी कोण तेच आधी आठवलं नाही, मग म्हणाले, "ती कुत्र्यावाली का?" अजून यादी बाकी आहे. बोलायला श्वास पुरेल तितके दिवस मी रोज दोन फोन करणार आहे.

८. फ्लॅट तरीही रोहिणीच्याच नावे. तिने लेखी नाकारल्यास मनीषाने तो विकून येणारी रक्कम रोहिणी सांगेल त्या जनावरांच्या दवाखान्याला द्यावी.

९. ती येते असं म्हणाली नाही. मी विचारलं नाही. मला दवाखान्यात हलवलं, अगदी शेवटचं असलं, तरी "मामा तुझी वाट बघतोय" असा निरोप कोणीही तिला पाठवू नये, मी शुद्धीत नसताना तसं बडबडलो तरीही. माझी तब्येत तिने विचारली तर खरी सांगावी. न विचारल्यास सांगू नये.

वरील मजकूर मी वाचला, मला तो मान्य आहे. साक्षीदारांच्या समोर मी सही केली आणि त्यांनी माझ्या समोर केली.

ठिकाण: नाशिक
तारीख: १४ सप्टेंबर २०२५, रविवार

(सही) जीवन लहानू पगारे

साक्षीदार:
१. (सही) झुंबर रंगनाथ काकड, मखमलाबाद, नाशिक
२. (डाव्या हाताचा अंगठा) सखुबाई दामू गांगुर्डे, शेजारी. मजकूर वाचून दाखवला, त्यांनी ऐकला.