आपली कंबर कशी आहे?

ती. भाऊजींस साष्टांग नमस्कार (त्यासाठी वेगळे कष्ट पडले नाहीत, मी चार दिवस पालथाच आहे).

आपली कंबर आता कशी आहे? ताई फोनवर म्हणाली, की हल्ली आपण तासन्‌तास खुर्चीत बसून पेपर वाचता. ऐकून आनंद झाला आणि पाठोपाठ रडूही आलं. अक्षराकडे दुर्लक्ष करा. छातीखाली लोड घेऊन लिहितोय.

शाळेचं घड्याळ भिंतीवर लावताना मी शिडीवरून पडलो, त्याला दोन वर्षं झाली. मणका गेला तेव्हापासून माझ्या बुडाने माझ्याशी बोलणंच टाकलंय. खाली काय टोचतंय, काय चोळामोळा झालंय, काही कळवत नाही. चाकांच्या खुर्चीत मी डावीकडे असा कलायचो, की आई ओरडायची, "सरळ बस की रे मेल्या!" (जसा काही मी हौसेने कलतोय.) तोल जाऊ नये म्हणून डावं कोपर टेबलावर रोवायचं, आणि उरला एकच हात. एका हाताने घड्याळ फार तर पुसता येतं, भाऊजी.

मग इस्पितळातल्या मापवाल्या बाई आल्या (हे नाव आम्हीच ठेवलंय). लग्नाच्या सुटालाही शिंप्याने माझी इतकी मापं घेतली नव्हती. त्यांनी खुर्चीची पाठ बदलली, पावलांच्या पट्ट्या उचलल्या आणि खाली हवेची उशी घातली, माझ्या वजनाला बेतून. आणि काय सांगू, मी ताठ! दोन्ही हात मोकळे! त्याच दिवशी एका बाईंचं नखाएवढं घड्याळ उघडून चालू केलं. मी पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचो त्या दुकानाच्या मालकांनी माझं जुनं टेबल परत द्यायचं कबूल केलं.

आपण दोघं येऊन गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी उशी गायब. आई म्हणाली, धुतलीय, वाळली की घालते. तीन आठवडे वाळत होती! तोवर घरादाराने माझ्या बुडाखाली आपापली अक्कल सारली. बायकोने टॉवेलांच्या घड्या, शेजारच्या फिटरकाकांनी स्कूटरची ट्यूब, आईने कापसाची उशी, वर डाग पडू नयेत म्हणून प्लास्टिक. मी पुन्हा कललो. या खेपेला उजवीकडे, तेवढाच बदल. चार दिवसांपूर्वी तर बायकोने आरसा धरून दाखवलं: बुडावर बटणाएवढा लालभडक डाग. मापवाल्या बाईंनी सगळा ढीग उपसून फेकला आणि मला पालथं घातलं. डाग फुटला तर तीन महिने असाच. मालक पंधरा दिवस थांबतो म्हणालेत. तीन महिने कोण कोणासाठी थांबतं? खरं सांगतो, मी पार खचलोय. दिवसभर फरश्या मोजतो. सत्तावीस आहेत, एक फुटकी.

ताईला नमस्कार सांगा.

आपला पालथा मेहुणा

ता. क. – आईने काल कबूल केलं. त्या दिवशी मी आत पलंगावर पडलेलो असताना आपण माझ्या खुर्चीत बसलात, "वा, कंबर काय सुखावली!" म्हणालात, आणि आईने उशी पिशवीत घालून आपल्याला दिली. वर मलाच म्हणते, "जावईबापूंना दुखतं तरी. तुला कुठे काय कळतंय?" तुम्ही आत्ता बसला आहात ती माझी उशी आहे, भाऊजी. उठा.

ता. क. २ – जावयाला दिलेलं परत मागू नये, असं आईने बजावलंय. म्हणून मी मागत नाहीये. सहज आलात तर सहज घेऊन या. ताईचं बंद पडलेलं घड्याळही आणा. दोन्ही हातांनी करून देतो.