दांड्याची करकर

दि. ६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण बाबा सतत शेजारी असतात आणि हे त्यांच्यासमोर बोलता येणार नाही. परवा ते शेडमध्ये गिऱ्हाइकाच्या गाडीखाली झोपून काम करत होते. गाडी आपल्या जुन्या ट्रॉली जॅकवर उचललेली. मी नट पुसत होतो. सहज पाहिलं, तर गाडीची कड त्यांच्या छातीकडे हळूहळू उतरत होती. आवाज काहीच नाही. मी पाय धरून त्यांना बाहेर ओढलं. पाठ खरचटली म्हणून माझ्यावरच चिडले.

गाडीखाली टेकू म्हणून लोखंडी घोड्या लावा म्हटलं, तर म्हणतात, एवढ्याशा कामाला कसल्या घोड्या.

जॅक मी स्वयंपाकघरात खोलला. आईने जुनी चादर अंथरून दिली, आणि तेलाचा एक थेंब जरी फरशीवर दिसला तर तुलाच जॅकवर चढवीन, म्हणाली. सील थोडं झिजलं होतं, ते बदललं. नवं तेल भरलं, आतली हवा काढली. तरी डोळे मिटले की ती कड उतरताना दिसते. घोड्यांचं तू त्यांना लिही. तुझं ऐकतात.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
धाकटा

दि. १२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फुगा फुटेल म्हणून तो कधी फुगवलाच नाहीस, तो तूच ना? भित्यापाठी ब्रह्मराक्षस. शाळा सोडलीस, पण अक्षर मोत्यासारखं ठेवलंस, त्यामुळे तुझी भीतीसुद्धा सुबक दिसते. तुझे भाऊजी वाचताना हसत होते. छातीच्या ओळीशी आले आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.

ते म्हणतात, खाली कोणी नसताना गाडी उचलून ठेव, जॅकशेजारच्या खांबावर गाडीच्या कडेच्या उंचीला खडूने रेघ मार आणि पाहत राहा. बाबांना मी घोड्यांचं लिहिलंय, तुझं नाव न घेता.

जेवत जा. आठवण ठेव.
ताई

दि. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजींनी सांगितलं तसं केलं. मी उचललेली गाडी संध्याकाळपर्यंत रेघेवरच होती. दुसऱ्या दिवशी बाबांनी उचलली, ती चहा होईपर्यंत रेघेखाली. पुन्हा मी, पुन्हा बाबा. तेच.

जॅक बरा आहे, ताई. उचलण्याआधी दांडा पिळून व्हॉल्व्ह घट्ट बंद करावा लागतो, नाहीतर तेल आतल्या आत मागे झिरपतं. बाबांच्या हातात तेवढा जोर उरलेला नाही. हल्ली ऑइलच्या डब्याचं झाकण ते मलाच उघडायला लावतात. मला वाटायचं, शिकवतायत.

हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? काम सोडून घरात बसले तर त्यांचं काय होईल, याची वेगळीच भीती. ते पाना आणायला वळले की मी गुपचूप दांडा पिळून घेतो. पण तो करकरतो. ऐकू जाऊ नये म्हणून दांडा बसतो त्या खोबणीत तेल घालायला गेलो, तर बाबांनी माझा हात धरला. तिथे नको, धूळ बसते, म्हणाले. बाकी सगळीकडे घालू देतात. एखाद्या दिवशी मी विसरलो तर, ताई?

सांभाळून घे.
धाकटा

दि. २६ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आलंय, लागेल तसं वाच. यापुढे घोड्या लावीन. कोणाच्या सांगण्यावरून लिहिलंस, ते विचारत नाही.

उजवा हात बरेच दिवस बधिर असतो. मीही आधी जॅकलाच दोष दिला. पोराने ओढून काढलं तेव्हा समजलो. रागावलो तो घाबरून. मला म्हातारा म्हणायची त्याची छाती होत नाही, आणि ऐकायची माझी. म्हणून गाडी उचलली की मी पाना विसरल्याचं सोंग करतो, कपाटाशी जाऊन पाठ करून उभा राहतो. मागे दांडा करकरला की मगच गाडीखाली जातो. त्या खोबणीत तेल घालू देत नाही, ते यासाठी.

काल करकर आलीच नाही. मागे वळून त्याला सांगावं, तर जीभ उचलेना. मग दुसरा पाना आठवला, तो मिळेना, मग तिसरा. कपाट उपसत उभा राहिलो.

आली शेवटी.

त्याला यातलं काही लिहू नकोस. आईचं ठीक आहे.
बाबा