गोमतीचा एकतिसावा भाग

मदन महल, जबलपूर
४ जानेवारी २०२५

ती. स्व. कुंदाआत्यास,
शैलजाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून माझा घसा बसतो, म्हणून आपलं पत्रच बरं. शाळेला सुट्टी आहे. थंडी अशी, की हात रजईबाहेर निघत नाही.

सोबत गोमतीचा तेविसावा भाग छापून पाठवते. आपण दोघी टीव्हीवर पाहायचो त्या मालिकेत नावाडीण गोमती धुक्यात नाव लोटते आणि मालिकाच बंद पडते. पुढचं मी लिहून साईटवर टाकून राहिले, पण वाचतं कोण? सुरुवातीला दर दहा मिनिटांनी फोन पाहायची. टोपणनावानं स्वतःच स्वतःला ‘छान’ लिहावं, इथवर मजल गेली होती. हसू नको.

चौथ्या भागापासून मात्र ‘शकु, कमानिया गेट’ नावाची एक बाई दर भागावर लिहिते. इतकं बारीक कोणीच वाचत नाही. बाविसाव्यात मी गोमतीला तापानं झोपवलं, तर तिनं लिहिलं की हा ताप तुझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यातला आहे. आत्या, मी हे कोणाजवळच बोलले नव्हते. आनंद झाला आणि अंगावर काटाही आला.

आता पुढे लिहावं की नाही, कळत नाही. ज्यानं गोमतीला धुक्यात सोडलं त्यानं विचार करूनच सोडलं असेल. आपण तिला ओढून काठाला काहून आणायचं?

आठवण ठेव. उत्तराची वाट पाहते.
तुझी शैलजा

*

अमरावती
१३ जानेवारी २०२५

चि. शैलजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तेविसावा भाग दोनदा वाचला. काहून आणायचं म्हणजे? मी अठ्ठ्याहत्तरची झाली, मला ती घरी पोचलेली पाहायची आहे. केतनला मी सांगितलं की तुझ्या मामेबहिणीला, शैलजाला, अक्कल कमी पण हात चांगला आहे.

ती शकु तुमच्याच गावची आहे, तर जाऊन भेट ना! तिळगूळ घेऊन जा. एकटीच घरात बसून राहते, म्हणून काटे येतात अंगावर.

माया आहेच, ती वाढव.
तुझी कुंदाआत्या

*

मदन महल, जबलपूर
९ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. साईटवर पत्ता विचारला, लगेच मिळाला. कमानिया गेटामागच्या गल्लीत भरदुपारी गेले. दार त्यांच्या सुनेनं, समृद्धीनं उघडलं. मी शकुताई आहेत का विचारलं, तर तिनं भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट केलं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

आत्या, मी पहिला भाग लिहिला त्याला दोन वर्षंही झाली नाहीत.

समृद्धी म्हणाली, सासूबाईंनी जाण्याआधी एक वही हातात दिली होती. कोणीतरी बाई गोमतीची पुढची गोष्ट लिहायला घेईल, तिच्या दर भागाखाली यातलं एक पान उतरव, असं बजावलं होतं. साईट तिला उशिरा सापडली, म्हणून पहिले तीन राहिले. तिला वाटलं, मीच शकुताईंना कच्चं लिखाण आधी दाखवलं असेल. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं, हे ऐकल्यावर तिनं वही माझ्याच हातात दिली आणि परत आणू नका म्हणाली.

वहीत एकतीस पानं लिहिलेली. पुढची कोरी. म्हटलं, पाहू तर खरं. चोविसावा भाग ठरवलेला सगळा मोडला. गोमतीची नाव उलटवली, मुद्दाम वाईट लिहिलं. साईटवर टाकला आणि मगच चोविसावं पान उघडलं. शकुताईंनी लिहिलं होतं, ‘मला फसवायला वेडंवाकडं लिहिलंस ना? तरी नाव उलटताना तिनं घेतलेला श्वास खरा आहे.’

खरं सांगू? भीती वाटली, पण त्याहून जास्त बरं वाटलं.

काळजी करू नको, मात्र विसरूही नको.
तुझी शैलजा

*

मदन महल, जबलपूर
२० एप्रिल २०२५

चि. केतनला,
अ. आ.

हे पत्र आत्याच्या हाती पडू देऊ नको, म्हणून तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते. वहीचं तुला तिनं सांगितलंच असेल. तीस भाग झाले. एकतिसावा लिहून तयार होता, पण कौतुकाची हाव वाईट असते, भैया. साईटवर टाकायच्या आधीच मी शेवटचं पान उघडलं.

तिथे लिहिलं आहे, ‘गोमती घरी पोचली. सगळ्यात सुंदर भाग. फक्त तुझ्या कुंदाआत्याला तो वाचायला मिळाला नाही, याचं वाईट वाटतं.’

आत्याचं नाव मी कुठेच लिहिलेलं नाही. एकतिसावा भाग मी फाडून जाळला. आता पुढे एक ओळ लिहिणार नाही. तू तिला डॉक्टरकडे नेऊन सगळं तपासून आण. तिनं विचारलं तर शैलजाला सुचत नाही, एवढंच सांग.

आमच्यावर जीव असू दे.
तुझी शैलजाताई

*

अमरावती
१८ मे २०२५

चि. शैलजास,
अ. उ. आ.

केतननं मला उगीच दवाखान्यात फिरवलं. डॉक्टर म्हणाला, आजी ठणठणीत आहेत. अच्छा, तुला म्हणे सुचत नाही! मी महिनाभर वाट पाहिली, मग एकतिसावा भाग मीच लिहून काढला. गोमतीला घरी पोचवली. सोबत पाठवते. एकटाकी लिहिला, डोळे चुरचुरत होते म्हणून परत वाचला नाही, नक्कलही ठेवली नाही. तू छापून पाठव, मग निवांत वाचीन.

कसा झाला ते लवकर कळव. पोस्टमन दिसला की आता मीच दाराशी जाते.

रागावू नको, जवळ राहा.
तुझी कुंदाआत्या

*

मदन महल, जबलपूर
२४ मे २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा भाग मिळाला. पाकीट दोन दिवस उघडायचा धीर झाला नाही. आज सकाळी उघडलं. आत्या, हा माझ्या तीसही भागांहून सरस आहे. ती ओल्या लुगड्यानं उंबऱ्याशी थांबते आणि घरात दिवा कोणी लावला असं विचारते, तिथे मी रडले. मी जाळला त्यात हे नव्हतं.

साईटवर मी तो टाकणार नाही आणि छापून पाठवणारही नाही. पुढच्या रविवारी स्वतः घेऊन येते. कागद माझ्याच हातात राहतील. तू पलंगावर बसायचं, मी तुझ्या कानाशी तोंड नेऊन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं ऐकवीन. घसा बसला तर बसू दे. तू फक्त ऐकायचं. वाचायचा मात्र नाही, कधीच नाही, एवढी माझ्या गळ्याची शपथ घे आणि काहून ते विचारू नको.

मी पोचेपर्यंत सांभाळून राहा.
तुझीच शैलजा