चादरीच्या दुसऱ्या टोकाची व्यवस्था

रविवार, दिनांक १२ मार्च २०२३, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसलो असून नुकतीच हाताची नखे कापली आहेत, कारण मंगळवारी इस्पितळात भरती होताना ती कापलेली असावीत, असे तिथल्या सूचनेच्या कागदावर लिहिले आहे. पायाच्या नखांबद्दल कागद काही बोलत नाही. तीही कापली.

मी, शेवटी सही करणारा, वय सव्वीस, शिक्षण आठवीपर्यंत, काम कपडे धुण्याच्या कारखान्यात चादरींच्या घड्या घालणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. (ताईने मागे उभी राहून हे वाक्य वाचले आणि म्हणाली, "हे आपलं आपण ठरवायचं नसतं.") मंगळवारी माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे. मी विचारले, "किरकोळ म्हणजे किती?" ते म्हणाले, "तुम्ही फार विचार करता बुवा." हे काही उत्तर झाले नाही. म्हणून हा कागद.

शब्द तपासायला खालच्या मजल्यावरच्या पोस्टमनकाकांचा शब्दकोश आणला आहे. तो त्यांचाच आहे. माझ्या मालमत्तेत धरू नये.

कलम १. खोली ताईची आणि भावजींची आहे, त्यात माझा फक्त खिडकीचा कोपरा. तो ताईला परत. तिने तिथे शिलाई मशीन ठेवावे. दोन वर्षे ती त्या कोपऱ्याकडे मापे घेतल्यासारखी बघते, हे मला दिसत नाही असे तिने समजू नये.

कलम २. पासबुकात जे काही असेल ते ताईला. आकडा लिहीत नाही, कारण हा कागद भावजीही वाचणार आहेत.

कलम ३. डाग काढायचा पितळी मुठीचा लहान ब्रश. हा मला आमच्या कारखान्यातल्या सर्वांत जुन्या कारागिरांनी दिला. त्यांना सगळे बाबा म्हणत. आता ते नाहीत. आमच्याकडे इस्पितळाच्या चादरी येतात. त्या धुऊन, तापलेल्या रोलरमधून काढून, दोघांनी समोरासमोर उभे राहून घडी घालायची असते. दोन टोके एकाकडे, दोन दुसऱ्याकडे. ताणायचे, दुमडायचे, चालत जवळ यायचे, टोके समोरच्याच्या हातात द्यायची. पहिल्या दिवशी मी घाबरून इतका भराभर चालू लागलो की बाबांच्या पोटावर जाऊन आदळलो. ते म्हणाले, "अरे, पळतोस कुठे? चादर तुझ्याकडेच येणार आहे. समोरचा श्वास कधी घेतो ते बघ आणि त्याच्याबरोबर चाल."

काम सुरू करण्याआधी दिवसाच्या पहिल्या चादरीवर तळवा ठेवून दहा श्वास मोजायचे, ही सवयही त्यांचीच. मनात एवढेच म्हणायचे की हिच्यावर आज कोणीतरी झोपणार आहे. मी विचारले होते, "कोण?" ते म्हणाले, "तुला कशाला पाहिजे? झोपणार आहे, एवढं पुरे."

मी मुळात घाबरट माणूस आहे. कुलूप लावून जिन्यावरून तीनदा परत येतो. गॅस बंद आहे ना, हे बघायला गेल्या महिन्यात अर्ध्या रस्त्यातून परत आलो, आणि तेव्हा गॅस संपलेला होता. पण ते दहा श्वास झाले की पुढचे आठ तास माझे हात थरथरत नाहीत. हे कसे होते ते मला सांगता येत नाही. आठवीपर्यंत हे शिकवत नाहीत.

ब्रश घडीच्या टेबलाला मिळावा. टेबल वारस होऊ शकते का, ते शब्दकोशात सापडले नाही.

कलम ४. मनातली अढी. मृत्युपत्रात ही लिहायची असते असे नाही, पण ती माझी आहे आणि कुठे तरी टाकली पाहिजे. रोलर चालवणाऱ्या गृहस्थांना आम्ही कडकभाऊ म्हणतो, कारण त्यांची कॉलर आमच्या कारखान्यातल्या कोणत्याही कपड्यापेक्षा कडक असते. त्यांनी माझ्या दहा श्वासांबद्दल मालकांकडे तक्रार केली. "हा पोरगा उभ्या उभ्या झोपतो." मालक घड्याळ घेऊन समोर उभे राहिले. मालक समोर असल्यामुळे माझे दहा श्वास अकरा सेकंदांत झाले. मालक म्हणाले, "एवढ्याने काय बिघडतंय?" आणि गेले. तेव्हापासून सात महिने आम्ही दोघे फक्त दोनच शब्द बोलतो. मी म्हणतो "ओली", ते म्हणतात "कोरडी".

खरे लिहायचे तर सुरुवात माझ्याकडून झाली. कडकभाऊंनी त्यांचा मोबाईल पहिल्या चादरीवर ठेवला होता. माझे डोळे मिटलेले. श्वास झाले, चादर उचलली, मोबाईलसकट घडी घातली. तो दुपारी इस्पितळात एका आजोबांच्या पाठीखाली वाजला. फोन कडकभाऊंच्या पत्नीचा होता. आजोबांनी उचलून सांगितले, "फोन माझ्या गादीत आहे बाई, माणूस नाही. तुम्ही बोला, मला कुणी भेटायला येत नाही." त्या दोघांचे वीस मिनिटे बोलणे झाले. कडकभाऊंना घरी काय काय ऐकावे लागले, ते मला ठाऊक नाही. मी माफी मागितली नाही, कारण कशी मागावी याचा सात महिने विचार करतो आहे.

कलम ५. हे सर्वांत महत्त्वाचे कलम असून मालकांना वाचून दाखवू नये.

टेबलाच्या पलीकडे, माझ्यासमोर, मावशी उभ्या असतात. सगळ्या कारखान्याच्या त्या मावशी. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि ऑपरेशनचा नंबर जुलैत. तोवर त्यांना फिकट डाग दिसत नाहीत. मालकांचा नियम असा की महिन्यात तीन चादरी डागासकट परत आल्या, तर डाग ज्याच्या बाजूचे, त्या माणसाला काढायचे. मावशींचे घर त्यांच्या एकटीच्या कामावर चालते. म्हणून तिसऱ्या घडीला आम्ही जवळ आलो की मी त्यांची बाजू उजेडाकडे वळवतो आणि बघून घेतो. डाग असेल तर चादर परत धुवायला. मी हे कोणाला बोललो नाही. मावशीही नाहीत. एकदाच म्हणाल्या, "माझ्याकडे फार बघतोस रे. घरी काय सांगू, स्थळ आलंय म्हणून?"

आता अडचण अशी की ऑपरेशननंतर सहा आठवडे मला वजन उचलायचे नाही, आणि ओल्या चादरींची गाठोडी उचलल्याशिवाय आमचे काम होत नाही. म्हणजे मी वाचलो तरी हे कलम लागू आहे. चादरीचे माझे टोक मंगळवारपासून रिकामे. तिथे कोणीही उभे केले आणि त्याने आपलीच बाजू बघितली, तर एप्रिल उजाडेपर्यंत मावशी घरी बसतील.

मी सगळ्यांचा विचार केला. डोळे तीक्ष्ण आणि तोंड बंद, असा एकच माणूस निघाला. कडकभाऊ. तरी हे टोक मी त्यांना देऊ इच्छितो. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे पोस्टमनकाका म्हणतात. कडकभाऊंना काहीच मिळत नाही, उलट द्यावेच लागते, म्हणून ते साक्षीदार चालावेत. फक्त त्यांना विचारायचे कसे, हा प्रश्न आहे.

दुपारी चार वाजून पाच मिनिटे. प्रश्न ताईने सोडवला. मला न विचारता तिने कडकभाऊंना फोन केला. "आमचा शहाणा मरणाची तयारी करतोय, सहीला या." ते आले. रविवारीही कॉलर तशीच. पुढे जे झाले ते वादाला जागा नको म्हणून लिहून ठेवतो.

मी त्यांना कागद वाचून दाखवला. मोबाईलपाशी आलो तेव्हा त्यांच्याकडे न बघता म्हणालो, "माझं चुकलं." त्यांनी पुढे वाचायची खूण केली. पाचवे कलम संपल्यावर त्यांनी कॉलर नीट केली.

मग म्हणाले, "मावशींचं मोठं गुपित असल्यासारखं तू मला आज सांगतोयस. मला नोव्हेंबरपासून माहीत आहे."

"कसं काय?"

"गाडीत चढायच्या आधी गठ्ठे कोण बघतं? मी. जेवायच्या सुट्टीत. डागाच्या चादरी काढून पुन्हा धुवायला टाकतो. महिन्याला सात-आठ तरी निघतात."

मला वाईट वाटले. म्हणालो, "म्हणजे मावशींच्या बाजूचे डाग माझ्याही नजरेतून सुटतात."

"मावशींच्या बाजूला एक डाग नसतो," कडकभाऊ म्हणाले. "सगळे तुझ्या बाजूचे. तू तिकडेच बघत असतोस ना."

ताई इतकी हसली की पलंगावर झोपलेले भावजी उठून बसले.

मी म्हणालो, "मग तक्रार का केलीत?"

"राग आला होता. बायको अजून त्या आजोबांना फोन करते. मला विचारते, ते इतकं छान बोलतात, तुम्हाला काय झालंय?"

त्यानंतर ताईच्या पलंगावरची चादर काढून आम्ही दोघांनी घडी घालून पाहिली. कडकभाऊ ओढतात. मी सांगितले की मावशींचा खांदा दुखतो, त्या श्वास सोडतात तेव्हा टोक द्यायचे, आधी नाही. दुसऱ्यांदा त्यांनी पुन्हा ओढले. चौथ्यांदा जमले. पाचव्यांदा आम्ही एकाच वेळी मधोमध आलो आणि टोके आपोआप जुळली.

"पण ते श्वास मी मोजणार नाही," ते म्हणाले.

"मावशी मोजतात. तोवर तुम्ही नुसतं उभं राहायचं."

"उभं राहून काय करायचं?"

"काही नाही."

"हेच जड आहे," असे म्हणून त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतले.

दुरुस्ती: कलम ४ रद्द. वर एक रेघ मारली आहे, वाचता येईल अशी.

स्थळ: ताईची खोली. दिनांक वरीलप्रमाणे, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे. पाच पाने, प्रत्येक पान मी दोनदा वाचले आहे.

(सही) लिहून देणार.

साक्षीदार क्रमांक दोन, पोस्टमनकाका: (सही). शब्दकोश परत मिळाला.

साक्षीदार क्रमांक एक, रोलर चालवणारे. यांनी सहीच्या वर स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिले, ते मी तसेच ठेवतो:

"मंगळवारपासून मावशींच्या समोर मी उभा राहतो. दोन्ही बाजू बघेन. सहा आठवडे, वारस म्हणून नव्हे, बदली म्हणून. सातव्या आठवड्यात ज्याची जागा त्याने येऊन घ्यावी. (सही)"