गौरीचं नवं सूप

गोरेगाव, ११ ऑगस्ट २०२५

चि. सौ. द्रौपदीस,
कुंदाताईचे आशीर्वाद. तू धाकटी जाऊ, म्हणून द्यावे लागतात.

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. अक्षर वाकडं आहे, चालवून घे.

मी मेले नाही. डाव्या बरगडीखालच्या पाणथरीत, म्हणजे डॉक्टरांच्या प्लीहेत, पू झाला होता. असं फार क्वचित होतं म्हणे. एक डॉक्टर म्हणाला, पाणथरीच काढू. शुभा डॉक्टरीण म्हणाली, थांबा, आधी न कापता बघू. सोनोग्राफीत बघत सुई घातली, नळीने पू काढला, शिरेतून औषधं चढवली. हात सुजून वांगं झाला, पण ताप गेला. पाणथरी जागेवर आहे.

आणि तू गावभर सांगत सुटलीस, ताईचं पोट फाडलं, फाडलेल्या अंगाने गौर आणलेली चालत नाही. हा नियम कधी निघाला गं? पाणवठ्यावरून गौर आणायचा मान सासूबाईंनी मला दिलाय. मी इथे खाटेवर कण्हतेय आणि तू स्वतः गौर आणायला नवं सूप घेतलंस. तुझ्या शेजारच्या जानकीकाकूने कळवलं.

नळीचं भोक पडलं म्हणशील. तुझ्या नाकात नथीचं आहे, ते आधी बुजव. मी येतेय. सगळ्या बायकांसमोर पदर बाजूला करते, टाका शोधून दाखव.

पोरांना पापा. लोभ असला तर असू दे.
कुंदाताई

देवगड, १६ सप्टेंबर

ती. स्व. कुंदाताईंस,
सा. न. वि. वि.

जानकीकाकूने चष्मा लावून तुमचं पोट तपासलं, तिळाएवढा डाग निघाला. गौर तुम्हीच आणलीत. बायका मला अजून विहिरीवर विचारतात, टाका सापडला का? तुमचं मन भरलं असेल. नवं सूप मी माळ्यावर टाकलं.

आता माझं ऐका. अंगावरून फार जातं. पिशवीत मोठी गाठ आहे, पिशवी काढायला सांगितलीय. सुईने, नळीने होतं का, तुमच्या डॉक्टरीणबाईंना विचारा. मुंबईत तुमच्याशिवाय आमचं कोण आहे?

राग सोडा, लोभ असावा.
द्रौपदी

गोरेगाव, २१ सप्टेंबर

चि. सौ. द्रौपदीस,
आशीर्वाद. या वेळी खरे.

विचारलं. एवढी गाठ नळीने निघत नाही, पोट उघडावंच लागेल. ऐकून मला हसू आलं. खोटं कशाला लिहू? घरी येईपर्यंत हसत होते.

दसरा झाला की ये. शुभाबाईंशी बोलून ठेवलंय. पेज मी आणीन, उशाशी मीच बसेन.

पण गाडीत बसायच्या आधी, ज्या ज्या घरी माझं पोट फाडलं म्हणून सांगितलंस, त्या त्या घरी जा. सांग, पोट फाडलेल्या बाईने आणलेली गौर चालते, नियम मी मनाने काढला होता. स्वतः सांग, नवऱ्याला पाठवू नकोस. जानकीकाकू मला कळवेलच.

नाही सांगितलंस तरी ऑपरेशन होईल. पण मग तुझाच नियम तुला. पुढच्या वर्षी गौरीच्या आसपास फिरकू देणार नाही.

येताना माळ्यावरचं सूप घेऊन ये. मला तांदूळ पाखडायला हवंय.

पोरांना पापा. लोभ वाढव, मी बघतेय.
कुंदाताई