सांध्यावरची निळी झाक

हाटकेश, मीरा रोड
१२ फेब्रुवारी २०२५

ती. सुगंधाअक्कास,
धाकट्या बबनचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. गुडघे कसे आहेत?

आमच्या कारखान्यात अंगठ्याएवढ्या धातूच्या डब्या बनतात. त्यांत अणुइंधन भरतात दुसरीकडे. सूर्यापासून फार लांब जाणाऱ्या यानाला त्या इंधनाच्या उष्णतेतून वीज मिळणार. या डब्या दुसरं कुणी बनवत नाही. सांधे मी जोडतो.

मनोरमाच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्याच दिवशी कामावर गेलो. मन थाऱ्यावर नव्हतं. सांधे बंद पेटीत जोडतात; तिच्यातली हवा पुरती काढण्याआधीच जोडायला घेतलं. बाराही डब्यांच्या सांध्यांवर निळसर झाक आलीय, हवा लागली की येते तशी. तरी तपासणीत सगळ्या पास झाल्या. मालक उत्तमशेठना सांगितलं, तर म्हणाले, पास म्हणजे पास, आता उकरू नकोस; यानाची तारीख चुकेल, काम हातचं जाईल, चौदा घरं यावर चालतात.

अजून वर कळवलेलं नाही. घरी विचारायला कोणी नाही, म्हणून तुला विचारतोय.

तुझा,
बबन

गुहागर
२० फेब्रुवारी २०२५

चि. बबनास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. मनोरमा होती तेव्हा तुझ्या पत्रात निम्मी जागा तिच्या हातच्या मासळीची असायची. आता काय जेवतोस, तेही लिहीत नाहीस.

यानातलं मला काय कळतंय? पण एवढ्या लांब गेलेल्या वस्तूला मागून हाक मारता येत नाही, इतकं कळतं. आणि तू विचारलंस म्हणजे तुझं ठरलेलंच आहे. सोबतीला कुणी हवं होतं, एवढंच. मी आहे.

अक्का

हाटकेश
३० जून २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सांगून टाकलं. यानवाल्यांच्या मोठ्या ऑफिसात स्वतः लिहून दिलं, चूक माझी. त्यांनी डब्या कापून बघितल्या. दोन सांध्यांत केसाएवढी भेग निघाली.

तेव्हापासून डब्यांचं काम बंद आहे. तिघे दुसरीकडे गेले. उत्तमशेठ रागावले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे बघतच नाहीत. मी जेवणाचा डबा उघडला की बाकीचे हात धुवायला उठतात. इतक्या वर्षांची माणसं, अक्का. रविवारी तर कुणाशी शब्दही होत नाही.

जेवतो. बहुतेक खिचडीच.

बबन

हाटकेश
१८ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

काम परत मिळालं. मोठ्या ऑफिसातले साहेब म्हणाले, चूक कुठेही होते. जिथून ती आपणहून कळवली जाते, तिथला माल आम्हाला चालेल. पण मला जोडकामावरून काढलंय. आता संचिता नावाची मुलगी सांधे जोडते, मी ते भिंगातून तपासतो. सुरुवातीला माझे हात शिवशिवायचे. तिचा सांधा चांदीसारखा येतो, माझ्याहून चांगला.

आज नव्या बारा डब्या गेल्या. पेढे वाटले. उत्तमशेठनी माझ्या हातावर एक ठेवला. संचितानं विचारलं, काका, यान पोचणार कधी? म्हटलं, अकरा वर्षांनी. तिनं बोटांवर मोजलं, म्हणाली, मी तेव्हा सदतीस वर्षांची असेन. माझं वय तिनं मोजलं नाही. मीच मोजलं, एकोणसत्तर.

घरी येऊन कुलूप काढलं. आनंद झाला होता, अक्का, खरंच. पण चप्पल काढून थोडा वेळ दारातच उभा राहिलो.

माया आहे तशी राहू दे.

तुझा,
बबन